आफ्रिकन डायस्पोरातल्या कलाकारांचं समूहप्रदर्शन: यादीपासून क्रेट परत जाईपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटनमधल्या एका मध्यम आकाराच्या सार्वजनिक गॅलरीत तुम्ही सहाय्यक क्युरेटर आहात. आफ्रिकन डायस्पोरातल्या, म्हणजे आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या समाजांतल्या, दहा-बारा समकालीन कलाकारांचं समूहप्रदर्शन उभं करायचं आहे. हाताशी दीड वर्ष आहे आणि चार दालनं मिळून साधारण ६०० चौरस मीटर जागा. कलाकार कसे निवडायचे, कामं कशी आणायची, कशी लावायची आणि नेमकं कुठे फसतं, हे तुम्हाला हवं आहे. क्रमाने सांगतो, पण जिथे जास्त फसतं तिथे जास्त वेळ थांबतो.

यादी करायला घेण्याआधी तीन रकान्यांचा एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात कलाकाराचं जन्मगाव, दुसऱ्यात आज राहतं गाव, तिसऱ्यात घराणं कुठून कुठे आणि कशामुळे गेलं ते. उदाहरणासाठी २०२२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हेवर्ड गॅलरीत एकोव एशुन यांनी मांडलेलं ‘इन द ब्लॅक फॅन्टॅस्टिक’ हे प्रदर्शन घ्या. त्यात ११ कलाकार होते. वांगेची मुतू जन्मली नैरोबीत, काम करते न्यूयॉर्क आणि नैरोबीत. ह्यू लॉक जन्मला एडिंबरात, वाढला गयानात, राहतो लंडनला. क्रिस ओफिली मँचेस्टरचा, आज त्रिनिदादमध्ये. ताबिता रेझैर पॅरिसची, फ्रेंच गयानात स्थायिक झालेली. एलन गॅलहर अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सची, तिचं बरंचसं काम रॉटरडॅममध्ये होतं. कारा वॉकर, निक केव्ह, रशाद न्यूसम, कॉलीन स्मिथ, सेड्रिक चिझम हे सगळे जन्माने अमेरिकन. लीना आयरिस व्हिक्टरचे आईवडील लायबेरियाचे, तिचा जन्म ब्रिटनमधला. म्हणजे अकरांपैकी प्रत्यक्ष आफ्रिकेत जन्मलेली एकटी मुतू.

असा तक्ता समोर असला की पुढचे निर्णय सोपे होतात. गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपार नेलेल्यांचे वंशज, कॅरिबियनमधून दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला आलेल्यांची मुलं आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत लागोस, आक्रा, नैरोबीहून शिकायला किंवा नोकरीला आलेले लोक, या तीन वेगळ्या वाटा आहेत. प्रदर्शनाचं नाव एक असलं तरी दालनांत या वाटा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सगळ्यांना ‘आफ्रिकन’ म्हणून एका भिंतीवर टांगलं की प्रेक्षकाला काहीच नवं कळत नाही, आणि कलाकारांना राग येतो तो रास्त असतो.

इथे १९८९ चं ‘द अदर स्टोरी’ आठवायलाच हवं. तेही हेवर्ड गॅलरीतच झालं, रशीद अराईन यांनी ते मांडलं होतं. युद्धोत्तर ब्रिटनमधल्या आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई वंशाच्या २४ कलाकारांचं काम त्यात होतं. मराठी वाचकाला त्यातलं एक नाव घरचं वाटेल: गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, जे १९४९ मध्ये मुंबई सोडून लंडनला गेले होते. पण मुंबईतच जन्मलेले अनीश कपूर यांनी त्यात भाग घ्यायला नकार दिला. माँसेरातमध्ये जन्मलेल्या व्हेरोनिका रायन यांनीही नकार दिला. वंशाच्या नावाखाली एकत्र येणं सगळ्यांना मान्य नसतं. आणखी एक आकडा लक्षात ठेवा: त्या २४ जणांत स्त्रिया फक्त चार होत्या आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. म्हणून निमंत्रणाचं पहिलं पत्र जाईल तेव्हा प्रदर्शनाचं नाव कच्चं ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा. कलाकाराला ‘या नावाखाली यायचं का’ असं विचारा, ‘तुम्हाला निवडलं आहे’ असं कळवू नका. दहा जण हवे असतील तर चौदांना विचारायची तयारी ठेवा.

निवडीतली एक नेहमीची चूक सांगतो. काळ्या माणसांची चेहरेपट्टी, देह, पोशाख असलेली चित्रं भराभर निवडली जातात, कारण विषय लगेच दिसतो. अमूर्त काम करणारे मागे राहतात. फ्रँक बोलिंग यांचा जन्म १९३४ चा, ब्रिटिश गयानातला. त्यांनी कॅनव्हासवर रंग ओतून प्रचंड चित्रं केली, पण ब्रिटनमधल्या मोठ्या संस्थांनी त्यांची योग्य दखल घ्यायला अनेक दशकं लावली. तुमच्या बारांत किमान दोन-तीन जण असे असावेत ज्यांच्या कामात माणूस दिसतच नाही. नाहीतर प्रदर्शन व्यक्तिचित्रांचं होऊन बसतं.

आता जागेचा हिशेब. ६०० चौरस मीटरची चार सारखी दालनं म्हणजे प्रत्येकी साधारण १२ बाय साडेबारा मीटर. भिंतींची एकूण लांबी १९६ मीटर भरते. दारं, आपत्कालीन मार्ग, फायर पॉइंट वजा केले की १७० च्या आसपास उरते. त्यातली निम्म्याहून कमी लांबी कामांनी व्यापावी, म्हणजे ७० ते ८५ मीटर. दोन-तीन मीटर रुंदीची चित्रं असतील तर पंचवीस-तीसपेक्षा जास्त मावणार नाहीत, आणि व्हिडिओसाठी एक दालन गेलं की हा आकडा वीसवर येतो. बारा कलाकारांत वीस मोठी कामं, हे गणित पहिल्या महिन्यातच मांडा. प्रत्येकाचं एकेक काम घेऊन बारा जण दाखवण्यापेक्षा आठ-नऊ जणांची दोन-तीन कामं दाखवणं केव्हाही चांगलं. एका कामावरून कलाकाराची वाट दिसत नाही.

कोणाला कोणती जागा मिळते यावरूनही प्रेक्षक अर्थ काढतो. १९८५ मध्ये लुबैना हिमिद यांनी लंडनच्या आयसीए (इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स) या संस्थेत ११ कृष्णवर्णीय आणि आशियाई स्त्री कलाकारांचं ‘द थिन ब्लॅक लाइन’ हे प्रदर्शन मांडलं. त्यासाठी मुख्य दालन मिळालं नाही, जाण्यायेण्याच्या बोळातल्या भिंती मिळाल्या. प्रदर्शनाचं नावच त्या अरुंद पट्टीसारख्या जागेची आठवण करून देतं. आज तुमच्या आराखड्यात सर्वांत तरुण कलाकाराचा व्हिडिओ लिफ्टजवळच्या बोळात आला असेल तर तो आराखडा फाडून पुन्हा करा.

कामं उसनी मागताना मोठी संग्रहालयं किमान सहा महिने, बहुतेक वेळा वर्षभर आधी विनंती मागतात. विनंतीसोबत तुमच्या इमारतीचा फॅसिलिटीज रिपोर्ट लागतो: दारांची मापं, लिफ्टची क्षमता, जमिनीची भारक्षमता, अलार्म, पहारा, तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी. हवामानाची अट आता बहुतेक ठिकाणी १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी असते, चोवीस तासांत फार चढउतार न होता. तुमच्याकडे मागच्या वर्षभराच्या नोंदी नसतील तर आजच दालनात नोंदयंत्र लावा. उधारी देणाऱ्या संग्रहालयाचा रजिस्ट्रार (कामांच्या नोंदी आणि ने-आण सांभाळणारा अधिकारी) पहिली मागणी त्याच कागदाची करतो. विम्यासाठी ब्रिटनमधल्या सार्वजनिक गॅलऱ्यांना सरकारी हमी योजनेचा आधार मिळतो. त्यात भिंतीवरचा खिळा सुटल्यापासून परत त्याच खिळ्यावर जाईपर्यंतचं संरक्षण असतं, पण तिच्या सुरक्षेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. स्टुडिओतून थेट येणाऱ्या, अजून विकल्या न गेलेल्या कामाची किंमत कोण ठरवणार हे लेखी घ्या. कलाकार, त्याची गॅलरी आणि तुम्ही असे तीन आकडे हवेत फिरत राहिले तर नुकसान झालं त्या दिवशी भांडण ठरलेलं.

सीमाशुल्काची बाब थोडक्यात. तात्पुरत्या आयातीसाठी एटीए कार्ने (शुल्क न भरता वस्तू आणून परत नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) सोयीचा पडतो, त्याची मुदत एक वर्ष असते. प्रत्येक देश त्या व्यवस्थेत नाही, तेव्हा कामाचा मूळ देश आधी तपासा. क्रेटचं, म्हणजे कामं ज्यात येतात त्या पेटीचं, लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेलं हवं, नाहीतर बंदरातच अडकतं. कलाकाराचा व्हिसा हा याहून मोठा अडथळा. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो, त्याआधी नाही. नायजेरियाचा किंवा केनियाचा पासपोर्ट असलेल्या कलाकाराला मांडणीच्या पहिल्या दिवशी हजर ठेवायचं असेल तर तारीख त्या खिडकीत बसवा. निमंत्रणपत्रात राहण्याचा, प्रवासाचा आणि मानधनाचा तपशील संस्थेच्या शिक्क्यासह द्या. मानधन सगळ्यांना सारखं असावं, नाव मोठं असो की नवं.

साहित्याची यादी प्रत्येक कामासाठी वेगळी मागवा आणि ‘मिश्र माध्यम’ या शब्दांवर समाधान मानू नका. पिसं, शिंपले, कासवाची पाठ, पोवळं, हस्तिदंत, काही जातींचं शिसवी लाकूड यांतलं काहीही असेल तर वन्यजीव व्यापाराचा परवाना लागू शकतो. हस्तिदंताबाबत ब्रिटनचा २०१८ चा कायदा फारच कडक आहे. गवत, कच्ची फांदी, शेंगा, कातडं, जुनं कापड असेल तर कीड येते. उपाय म्हणजे गोठवणं: उणे ३० अंशांवर तीन दिवस किंवा उणे १८ वर दोन आठवडे, हवाबंद गुंडाळून. पण इथेच एक मोठा घोटाळा होतो. त्याच शिल्पावर ॲक्रिलिक रंग असेल तर ते गोठवू नका. ॲक्रिलिकचा थर थंडीत काचेसारखा ठिसूळ होतो आणि हलक्या धक्क्याने तडकतो. जानेवारीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकमध्येही हेच होतं. वाहतूकदाराशी करार करताना ‘तापमान नियंत्रित गाडी’ एवढं लिहून थांबू नका, गाडी उभी असतानाही हीटर चालू राहील असं लिहून घ्या. अशी कामं कीडमुक्त करायची तर नायट्रोजनच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत वापरतात. तिला काही आठवडे लागतात, तेवढे वेळापत्रकात धरा.

क्रिस ओफिलीची १९९० च्या दशकातली चित्रं मिळाली तर खास तयारी लागते. ती भिंतीवर टांगत नाहीत. हत्तीच्या शेणाच्या वाळवलेल्या, रेझिन दिलेल्या दोन गोळ्यांवर ती उभी राहतात आणि भिंतीला टेकतात. पृष्ठभागावर रेझिन, चमकी, टाचण्या असे थर असतात. त्या पृष्ठभागाला काहीच लागता कामा नये, म्हणून मऊ कापडात न गुंडाळता ट्रॅव्हल फ्रेममध्ये (प्रवासापुरत्या संरक्षक चौकटीत) अधांतरी बसवतात. गोळे वेगळ्या खणात येतात. जमीन जराही उतरती असेल तर चित्र तिरकं दिसतं, म्हणून आधी जागा लेव्हलने तपासा. टेकलेलं चित्र लोकांच्या पायाशी येतं, तेव्हा समोर कमीत कमी ६० ते ९० सेंटिमीटरवर जमिनीलगतचा कठडा द्या.

लुबैना हिमिद यांच्या ‘नेमिंग द मनी’ या कामाबद्दल सविस्तर सांगतो, कारण मांडणीतली एक चूक अख्खं काम कशी मारते ते त्यात दिसतं. हिमिद १९५४ मध्ये झांझिबारमध्ये जन्मल्या, काही महिन्यांच्या असतानाच ब्रिटनला आल्या. २००४ च्या या कामात प्लायवुडच्या कापलेल्या, रंगवलेल्या १०० पुरुषभर उंचीच्या आकृत्या आहेत: ढोलकी वाजवणारे, नाचणारे, नकाशे काढणारे, चांभार, वैदू, कुत्रे शिकवणारे, खेळणी करणारे, अशा दहा गटांत दहा-दहा. युरोपातल्या श्रीमंतांच्या घरी कामाला ठेवलेली ही आफ्रिकन माणसं. समोरून बघितलं तर रंगीत, डौलदार. प्रत्येकाच्या पाठीवर मात्र हिशेबाच्या पावतीसारखा कागद चिकटवलेला असतो. त्यावर पाच ओळी असतात: माझं खरं नाव, मालकाने दिलेलं नाव, मी आधी काय करायचो, आता काय करतो, आणि तरीही माझ्याकडे काय उरलं आहे. त्यासोबत नावं उच्चारणारी ध्वनिफीतही चालू असते.

आता समजा तुम्हाला दालनात जागा कमी पडली आणि तुम्ही पंधरा आकृत्या भिंतीला टेकवून एका रांगेत उभ्या केल्या. पंधरांचीही खरी नावं गेली. उरली ती सुंदर कपड्यातली सजावट, म्हणजे मालकाने बघितली तशीच. म्हणून आकृत्या कमी घ्या, पण चारी बाजूंनी फिरता येईल अशा मधोमध उभ्या करा. दोन आकृत्यांत किमान १२० सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे व्हीलचेअर जाईल आणि वळेल. प्लायवुडची आकृती मागच्या टेकूवर उभी असते आणि टेकूचा पाय पाठीमागे बाहेर येतो. लोक पाठ वाचायला वळतात आणि नेमके त्याच पायाला अडखळतात. पाय जमिनीला बसवता येईल का हे संग्रहालयाकडून आधी विचारून घ्या. दिवे फक्त समोरून लावले तर पाठीवरचा कागद आकृतीच्याच सावलीत जातो. दोन्ही बाजूंनी, पण कागदावर ५० लक्सच्या वर नाही, एवढा उजेड हवा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). ध्वनी इतका हलका ठेवा की जवळ उभं राहिल्यावर नाव ऐकू येईल आणि शेजारच्या दालनात फक्त आवाजाची चाहूल राहील.

प्रकाशयोजना हा या प्रदर्शनातला सगळ्यांत नाजूक भाग, कारण इथे बरीच कामं काळ्या रंगावर उभी असतात. केरी जेम्स मार्शल यांच्या चित्रांतली माणसं काळी असतात, तपकिरी किंवा करडी नव्हे. ते आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक आणि मार्स ब्लॅक असे वेगवेगळे काळे घेतात आणि त्यांत कोबाल्ट निळा, क्रोम ऑक्साइड हिरवा, डायॉक्झाझिन जांभळा मिसळून उष्ण आणि थंड काळे तयार करतात. गाल, कपाळ, ओठ या काळ्यांच्या फरकानेच घडतात. चुकीच्या उजेडात हा फरक मरतो आणि उरतो एक काळा ठिपका.

असं का होतं? पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकते, काळा रंग जेमतेम पाच टक्के. डोळा भिंतीच्या उजळपणाशी जुळवून घेतो आणि काळ्यातले बारकावे त्याला दिसेनासे होतात. दिवा वाढवला तर भिंतही तेवढीच उजळते, त्यामुळे उपयोग शून्य. इलाज भिंतीत आहे. वीस-तीस टक्के प्रकाश परत करणारा मध्यम करडा किंवा मातकट मॅट रंग द्या. दिवा उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर ठेवा. कोन उथळ झाला तर चमक थेट डोळ्यात येते, फार उभा झाला तर ब्रशच्या फटकाऱ्यांच्या सावल्या लांबतात. रंगदर्शकता (सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं १०० पैकी माप) ९५ च्या वर असलेले, ३००० ते ३५०० केल्विनचे, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे दिवे घ्या. स्वस्त एलईडीत खोल लाल रंग कमजोर असतो, आणि त्याचा पहिला फटका काळ्या-तपकिरी त्वचेच्या छटांना बसतो. तैलचित्राला आणि ॲक्रिलिकला १५० ते २०० लक्स चालतात.

काचेचं दुखणं वेगळं. गडद चित्रावर साधी काच म्हणजे आरसाच. प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा, समोरची खिडकी आणि हिरवी ‘एक्झिट’ची पाटी दिसते. परावर्तनरोधक लॅमिनेटेड काच महाग असते, तरी गडद कागदकामांपुरती ती अंदाजपत्रकात घालाच. ते जमलं नाही तर त्या चित्रासमोरची भिंत गडद ठेवा आणि तिच्यावर उजळ काम लावू नका. लीना आयरिस व्हिक्टरच्या कामात काळ्यावर २४ कॅरट सोनं असतं. तिथे उलट, सोन्याने एका पावलागणिक बदलून चमकायला हवं. एकच रुंद दिवा मारला तर सोनं सपाट पिवळं दिसतं. दोन अरुंद झोत दोन बाजूंनी द्या आणि प्रत्यक्ष चालत बघा, शिडीवरून बघून ठरवू नका.

आकाराला फसू नका. न्जिदेका अकुन्यिली क्रॉस्बी एनुगूत जन्मली, लॉस एंजलिसमध्ये राहते. तिची कामं दोन मीटरहून मोठी आणि लांबून चित्रासारखी दिसतात. पण ती कागदावर आहेत आणि त्यांत नायजेरियातल्या मासिकांतले, घरच्या आल्बममधले फोटो ॲसिटोनने उतरवलेले असतात. कागद म्हणजे ५० लक्स. शेजारी २०० लक्सचं तैलचित्र लावलंत तर तिचं काम विझलेलं वाटेल. म्हणून ५० लक्सची कामं एका दालनात एकत्र आणा आणि तिथे शिरण्याआधी मंद उजेडाचे चार-पाच मीटर ठेवा, तेवढ्यात डोळा रुळतो. वॅक्स प्रिंटच्या, म्हणजे बाटिकसारख्या छापाच्या भडक रंगी सुती कापडालाही हाच नियम. तसंही त्या कापडाची गोष्ट लेबलवर लिहिण्यासारखी आहे. ज्याला सगळे ‘आफ्रिकन कापड’ म्हणतात ते इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल म्हणून हॉलंडमध्ये यंत्रावर छापलं गेलं आणि पश्चिम आफ्रिकेत खपलं. यिंका शोनिबारे लंडनमध्ये जन्मला, लागोसमध्ये वाढला आणि हे कापड त्याने लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारातून घेतलं. कापडाचा प्रवासच त्याचा विषय आहे.

एलन गॅलहरचं ‘डीलक्स’ हे ६० छापांचं काम मिळालं तर जाळी १२ बाय ५ ची होते. शेजारच्या फ्रेमपासून पुढची फ्रेम मोजत गेलात तर दर वेळी एक मिलिमीटरची चूक धरली तरी बाराव्या फ्रेमपाशी सेंटिमीटरभराहून जास्त फरक पडतो. भिंतीवर लेसरने एक उभी आणि एक आडवी मध्यरेषा मारा आणि प्रत्येक खिळा त्या मध्यापासूनच मोजा. या छापांवर प्लॅस्टिसिनचे (मऊ, चिकणमातीसारख्या पदार्थाचे) उठाव आहेत, तेव्हा फ्रेम आडवी ठेवायची नाही आणि काचेला हात लावून दाबायचं नाही. एकट्या चित्रांचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा आणि चारही दालनांत तोच आकडा राखा.

व्हिडिओ आणि ध्वनीची कामं असली की भांडणं आवाजावरून होतात. जॉन अकोम्फ्रा यांचं ‘व्हर्टिगो सी’ हे २०१५ चं तीन पडद्यांचं काम ४८ मिनिटांचं आहे. असं एक काम घेतलं की दुसरे दोन व्हिडिओ दहा-दहा मिनिटांचेच घ्या. एकूण वेळ तासाच्या फार पुढे गेला तर कोणीच काही पूर्ण बघत नाही. तीन पडद्यांसाठी तीन वेगळे प्लेअर लावायचे असतील तर ते एकमेकांशी तारेने जोडून सिंक करणारेच घ्या. साधे लूप प्लेअर दिवसाअखेर अर्ध्या सेकंदाने मागेपुढे होतात आणि तीन पडद्यांचं संपादन कोलमडतं. आवाजात उंच पट्टी अडवणं सोपं असतं, बेस अडवणं अवघड. डोक्यावर टांगलेले, एकाच दिशेने आवाज सोडणारे स्पीकर बोलण्यासाठी ठीक, बेससाठी निरुपयोगी. दुहेरी भिंत करून मधे १०० मिलिमीटर मिनरल वूल (आवाज शोषणारा लोकरीसारखा पदार्थ) भरा, आत गालिचा घाला, प्रवेश दोन वळणांचा ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ध्वनीच्या दोन कामांमध्ये एक शांत दालन घाला. चार मीटरच्या पडद्यासाठी, म्हणजे नऊ चौरस मीटरच्या प्रतिमेसाठी, पूर्ण अंधारात ६००० लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रोजेक्टर किती प्रकाश टाकतो त्याचं माप) प्रोजेक्टर पुरून उरतो. मात्र बसायची सोय नसेल तर ४८ मिनिटांचं काम दाखवूच नका. पाठ टेकता येईल अशा किमान बारा जागा द्या.

निक केव्हचे साउंडसूट म्हणजे अंगभर झाकणारे शिल्पासारखे पोशाख, अंगावर घालून नाचण्यासाठीच घडवलेले. पहिला सूट १९९२ चा, लॉस एंजलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंगला केलेल्या मारहाणीनंतरचा, बागेत पडलेल्या काटक्यांचा. आतला माणूस काळा की गोरा, बाई की पुरुष, काही कळू नये ही त्यामागची जाण. पुतळ्यावर चढवताना बाह्यांचं वजन खांद्याच्या शिवणीवर येतं आणि तीन महिन्यांत ती शिवण उसवते, म्हणून आतून हातांना आधार द्या. पंधरा सेंटिमीटरचा चौथरा आणि पाऊण ते एक मीटर अंतर ठेवा. मणी, बटणं बघून मुलांचे हात जातातच. त्यांच्यासाठी शेजारी हात लावून बघायला त्याच साहित्याचा एक तुकडा ठेवा, म्हणजे मूळ काम वाचतं.

लेबल ६० ते ८० शब्दांचं, दालनाचा भिंतलेख दीडशे शब्दांच्या आत. पहिल्या ओळीत जन्मगाव आणि राहतं गाव दोन्ही द्या, सुरुवातीचा तक्ता इथे कामी येतो. ‘आफ्रिकन वंशाची वेदना’ असलं वाक्य आलं की खोडा आणि विचारा: कोणता देश, कोणतं वर्ष, कोणती वस्तू? ह्यू लॉकच्या दीडशेच्या आसपास आकृत्यांच्या मिरवणुकीचं काम २०२२ मध्ये टेट ब्रिटनमध्ये झालं, तेव्हा टेट या साखरसम्राटाच्या नावाच्या इमारतीत ते उभं आहे ही माहिती कामाचाच भाग होती. तुमची इमारत कोणाच्या पैशांतून उभी राहिली, हे तुमच्या पहिल्या भिंतलेखात असू द्या. गुलामगिरीतला हिंसाचार दाखवणारं काम, समजा कारा वॉकरचं, असेल तर सूचना मुख्य दारावर नको, त्याच दालनाच्या उंबऱ्यावर हवी. आणि ते दालन टाळूनही पुढे जाता यायला हवं. दालनात दिवसभर उभं राहणाऱ्या सहकाऱ्यांना उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कलाकारांबरोबर तासभर फिरवा. सगळे अवघड प्रश्न त्यांनाच विचारले जातात.

मांडणीला तीन आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात तात्पुरत्या भिंती, तारा आणि रंग. रंगाचा वास आणि वाफ जायला किमान चार-पाच दिवस मोकळे सोडा, कारण ओल्या भिंतीवर कागदकाम गेलं की फ्रेमच्या आत पाणी धरतं. क्रेट आले की चोवीस तास न उघडता दालनातच राहू द्या, नाहीतर थंड पृष्ठभागावर दव साठतं. उघडल्यावर तिरक्या टॉर्चने तपासणी, फोटो आणि दोघांच्या सह्या. आधी जड शिल्पं, मग चित्रं, मग दिवे, शेवटी लेबलं. शेवटचे दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवा. ते ठेवले नाहीत तर दिव्यांचाच वेळ कापला जातो, आणि काळ्या चित्रांच्या प्रदर्शनात तो परवडत नाही.

उतरवताना हाच क्रम उलटा. प्रत्येक कामाची तपासणी आल्यावेळच्या कागदाशी ताडून घ्या आणि कार्नेवर परतीचा शिक्का मारल्याशिवाय गाडी सोडू नका. रिकामे क्रेट तीन महिने ओलसर तळघरात ठेवले असतील तर त्यांच्या फोममध्ये बुरशी धरते, म्हणून कामं उतरवण्याच्या आठवडाभर आधी ते दालनात आणून उघडे ठेवा. व्हिडिओच्या प्रदर्शन-प्रती करारात लिहिल्याप्रमाणे सगळ्या प्लेअरवरून आणि बॅकअप ड्राइव्हवरून पुसा, आणि पुसल्याचं सहीचं पत्र कलाकाराच्या स्टुडिओला पाठवा.